घोरणारं मूल, ‘मेंदूचा ऑक्सिजन’ आणि वाढणारे मार्क

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर थोड्याफार फरकाने एक मजकूर फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: मूल घोरतं म्हणजे मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही आणि बुद्धी कायमची घटते, बोटाला ऑक्सिमीटर लावून घरीच खात्री करा, रात्री तोंडाला टेप लावा, नाकात तूप सोडा, तेवढ्याने भागलं नाही तर टॉन्सिल काढा, मार्क आपोआप वाढतील. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच पुढचं सगळं खपून जातं.

‘घोरतं म्हणजे ऑक्सिजन कमी पडतो.’ सर्दीत चार रात्री घोरणं हा आजार नव्हे. सर्दी नसतानाही आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री घोरणारं मूल मात्र डॉक्टरांना दाखवायला हवं. असं नेहमी घोरणारं मूल साधारण दहात एक असतं; झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, शंभरात 1 ते 5 मुलांना असतो. ज्यांना तो असतो त्यांच्यातही ऑक्सिजन घसरणं हा नुकसानीचा एकच मार्ग. दुसरा मार्ग झोप तुटण्याचा. श्वास अडकला की मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे सैल पडलेले स्नायू आवळले जातात, श्वास सुरू होतो. मुलाला आणि शेजारी झोपलेल्या आईला पत्ताही लागत नाही. रात्रभर हे चाललं तरी मूल दिवसा मोठ्यांसारखं पेंगेलच असं नाही. उलट ते चिडकं होतं, एका जागी बसत नाही, आणि शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते. रात्री कोरडं राहू लागलेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर तीही खूण धरावी. लक्ष आणि वागणुकीशी या आजाराचा संबंध आहे, यात वाद नाही. ‘कायमची घटते’ हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

‘टॉन्सिल काढा, मार्क वाढतात.’ या दाव्याला एक जुना आधार आहे. 1998 साली मुलांच्या झोपेच्या आजारांचे डॉक्टर डेव्हिड गोझाल यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या 297 मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. सगळी वर्गात तळाच्या दहा टक्क्यांतली. 54 जणांच्या झोपेतल्या श्वासात दोष सापडला. त्यातल्या 24 जणांची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या वर्षी त्यांचे गुण सुधारले. ज्यांच्या पालकांनी उपचार नाकारले त्यांचे सुधारले नाहीत. पण शस्त्रक्रिया कोणाची करायची हे पालकांनीच ठरवलं होतं. उपचारासाठी धडपडणारे पालक अभ्यासासाठीही धडपडत असतील, तर श्रेय कोणाला द्यायचं?

हे कोडं सोडवायला मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडावे लागतात. 2013 च्या ‘चॅट’ चाचणीत ते झालं: 5 ते 9 वर्षांची 464 मुलं, काहींची लगेच शस्त्रक्रिया, बाकीच्यांवर सात महिने नुसती नजर. लक्ष आणि नियोजनाच्या परीक्षेत दोन्ही गटांचे गुण वाढले. दोघांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. झोप, वागणूक आणि रोजचं जगणं मात्र शस्त्रक्रियेच्या गटात स्पष्ट सुधारलं. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास, ऑक्सिजन आणि मेंदूची जाग नोंदणारी तपासणी, 79 टक्के मुलांची पूर्ववत झाली. नुसती वाट पाहिलेल्यांतही 46 टक्क्यांची झाली. सौम्य त्रासाच्या 459 मुलांवर झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॅट्स’ चाचणीतही चित्र तेच, शिवाय रक्तदाबही थोडा उतरला. म्हणून सौम्य आजारात घाई नको. आणि शस्त्रक्रिया करायचीच तर मार्कांसाठी नको. ‘चॅट’मध्ये ऑक्सिजन फार घसरणारी मुलं घेतलीच नव्हती, त्यामुळे ‘ऑपरेशनचा उपयोग नाही’ असा उलटा मेसेज कोणी पाठवला तर तोही चूक.

मार्कांचीच काळजी असेल तर आधी झोपेचे तास मोजा. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास लागतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असं महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये सांगितलं ते मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच.

‘ऑक्सिमीटरने घरीच तपासा.’ मोठ्यांच्या बोटाचा चिमटा मुलाच्या बोटावर सैल बसतो, हालचालीने आकडे उड्या मारतात, आणि क्षणभराची घसरण सरासरीत बुजते. मुलांमध्ये पुष्कळदा ऑक्सिजन न घसरताच झोप मोडते. त्यामुळे 97 दिसलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. स्लीप स्टडी झालीच, तर अहवाल मुलांच्या निकषांवर वाचलाय का हे विचारा. श्वास अडकण्याच्या घटना मोठ्यांत तासाला 5 पर्यंत चालवून घेतात, मुलांत 1 च्या वर गेल्या तरी दोष धरतात. एक घटना मोजायला मुलांत दोन श्वासांइतका खंड पुरतो, मोठ्यांत 10 सेकंद लागतात. मोठ्यांच्या मापाने 4 हा आकडा ‘नॉर्मल’ ठरतो.

टेप आणि तूप. 2 ते 8 वर्षांच्या वयात नाकामागचे ॲडेनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारख्याच गाठी, वाट अडवतात, म्हणून मूल तोंडाने श्वास घेतं. उरलेली वाटही बंद करणं हा उपचार नव्हे. त्यात उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. लहान मुलाच्या नाकात सोडलेलं तेल-तूपही फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतं.

घरी करण्यासारखं एकच काम आहे: व्हिडिओ. पहाटे 4 ते 5 च्या सुमारास घ्या, कारण स्वप्नांची झोप त्या वेळी जास्त असते आणि श्वास तिच्यातच जास्त अडकतो. सदरा काढा, मंद दिवा लावा, तोंडापासून पोटापर्यंतचा भाग चौकटीत घ्या, आवाजासह दोन मिनिटं. पोट वर येताना छाती आत ओढली जाते का, घोरणं मध्येच थांबून मूल हबकून श्वास घेतं का, मान मागे टाकून झोपतं का, हे डॉक्टरांना पाहायचं असतं. टॉन्सिल केवढे दिसतात यावरून आजाराची तीव्रता कळत नाही.

सौम्य आजारात नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे काही आठवडे देतात. नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरा, नाहीतर घोळणा फुटतो. जोडीला माँटेलुकास्ट हे ॲलर्जी-दम्याचं औषध दिलं आणि मूल अचानक चिडकं झालं किंवा भयानक स्वप्नं पडू लागली तर लगेच कळवा. हा त्या औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे.

शस्त्रक्रिया ठरली तर 3 वर्षांखालच्या किंवा तीव्र आजाराच्या मुलाला रात्रभर रुग्णालयात ठेवायला हवं. दुखण्यासाठी कोडीन हे वेदनाशामक नको. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन झपाट्याने होऊन श्वास थांबतो. पाचव्या ते दहाव्या दिवशी खपली सुटते, तेव्हा थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर फोनवर सल्ला विचारत न बसता रुग्णालय गाठा. दोन महिन्यांनीही घोरणं उरलं असेल, मूल लठ्ठ असेल किंवा त्याला डाउन सिंड्रोम असेल, तर स्लीप स्टडी पुन्हा करून घ्या.