पुन्हा तेच, “बँक गॅरंटीच आणा”

केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये सामान्य वित्तीय नियम बदलून टाकले. सरकारी निविदेसोबतची बयाणा रक्कम असो वा कामाची हमी, बँक गॅरंटीऐवजी विमा कंपनीचा शुअरटी बाँड (कंत्राटदार चुकला तर भरपाई देण्याची लेखी हमी) चालेल म्हणाले. एप्रिलपासून विमा नियामक आयआरडीएआयची मार्गदर्शक तत्त्वंही लागू झाली. आणि मुंबईत टेंडरच्या टेबलापलीकडचे साहेब आजही चष्म्यावरून बघत विचारतात, “हे काय नवीन काढलंत?”

अहो, नवीन कसलं! बँक गॅरंटीसाठी आम्हा कंत्राटदारांची एफडी अडकते, वर कमिशन जातं, बँकेकडचं कर्जाचं लिमिट खाल्लं जातं. पावसाळ्यात काम बंद, मजुरांचा पगार चालू, आणि आपलेच पैसे बँकेत कुलुपात. दोषदायित्वाचा काळ (काम झाल्यावरही दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत बसा मोजत.

बरं, विमा कंपनीकडे जावं तर तीही छोट्या कंत्राटदाराकडे ताळेबंद, वैयक्तिक हमी, वर तारण मागते. मग फरक काय राहिला? (कंत्राटदाराच्या दिवाळखोरीत बँकेसारखा वसुलीचा हक्क हवा, ही विमा कंपन्यांची मागणी रास्तच आहे. पण भुर्दंड आम्हाला का?)

परवा एका निविदेत चक्क “बाँड चालेल” असं छापलं होतं. सोबत जोडलेला नमुना? फक्त बँक गॅरंटीचा!