ट्विन ब्लॉक आणि कानापुढचा 'कट्' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्विन ब्लॉकवरचा (मागे राहिलेला खालचा जबडा पुढे आणायला दातांवर लावायच्या प्लेटच्या जोडीवरचा) माझा लेख म्हणजे 'डॉक्टरांची जाहिरात', बारा वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा महिनोन् महिने पुढे ओढून धरला तर सांधा बिघडणारच, आणि उपचार सुरू असताना तिच्या कानापुढे तोंड उघडताना 'कट्' आवाज येऊ लागला, हा त्याचा पुरावा. काळजी रास्त आहे. पुराव्याबद्दल मात्र वाद घालतो.

ट्विन ब्लॉकच्या वरच्या आणि खालच्या प्लेटवर तिरके ठोकळे असतात. तोंड मिटताना ते एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे येऊनच दात मिटतात. तेव्हा जबड्याचं गोलसर टोक, म्हणजे कंडाइल, कवटीच्या खोबणीतून खाली-पुढे सरकतं. सांधा दाबला जात असेल असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात खोबणीच्या मागच्या भागात जागा मोकळी होते. कंडाइलवरची कूर्चा वाढत्या वयात बदल पचवणारी असते. १९७०च्या दशकात माकडांवरच्या प्रयोगांत जबडा पुढे धरल्यावर या कूर्चेची वाढ झालेली दिसली. पुढे हर्ब्स्ट अप्लायन्स (जबडा पुढे धरणारं आणखी एक साधन) लावलेल्या मुलांच्या एमआरआयमध्येही काही आठवड्यांतच कंडाइल नव्याने घडत असल्याच्या खुणा दिसल्या. याच काळात काही मुलांच्या सांध्यामागच्या मऊ भागाला सूज आल्याचंही दिसलं, तेव्हा 'सांध्याला काहीच कळत नाही' असं मी म्हणणार नाही. पण बहुतेकांची ती सूज उपचारांनंतर ओसरली.

आता तो आवाज. कंडाइल आणि खोबण यांच्यामध्ये एक चकती असते. ती जागेवरून थोडी पुढे सरकली, की तोंड उघडताना कंडाइल तिच्यावर चढतं आणि 'कट्' वाजतं. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा मोठ्या माणसांचे एमआरआय काढले, तर साधारण तिघांपैकी एकाची चकती सरकलेली सापडते. असे आवाज किशोरवयात वाढतात, आणि नेमक्या त्याच वयात आपण मुलांना अप्लायन्स लावतो. त्यामुळे 'नंतर झालं' यावरून 'त्यामुळे झालं' असं म्हणता येत नाही. उपचारांमुळे झालंच नाही, हेही या एका आवाजावरून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हा वाद कोर्टातही जाऊन आला आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये ज्युरीने एका ऑर्थोडॉन्टिस्टला (वाकडे दात-जबडे नीट करणाऱ्या डॉक्टरला) सांध्याच्या दुखण्याबद्दल साडेआठ लाख डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला लावली. गंमत म्हणजे तिथे तक्रार अगदी उलट होती: दात काढून आणि हेडगिअर (डोक्या-मानेभोवती बांधून दातांना मागे ओढणारा पट्टा) लावून जबडा मागे ढकलला गेला! त्या निकालानंतर ऑर्थोडॉन्टिस्ट खडबडून जागे झाले आणि भरपूर संशोधन झालं. एकूण निष्कर्ष असा, की दातांच्या या उपचारांनी सांध्याचा विकार होतो असं दिसत नाही, आणि तो टळतो किंवा बरा होतो असंही दिसत नाही. दुसरा भाग आमच्यातल्या काहींना आवडत नाही, कारण 'सांध्यासाठी तारा लावा' म्हणून उपचार विकता येत नाहीत.

तुम्हाला रागवायचंच असेल, तर 'जबडा वाढवून देतो' या आश्वासनावर रागवा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत आठ ते दहा वर्षांच्या १७४ मुलांचा अभ्यास झाला. ट्विन ब्लॉकने पुढे आलेले दात चांगले आत गेले, पण ते मुख्यतः दात कलल्यामुळे. जबड्याच्या हाडातला फरक अगदी थोडा होता. लवकर उपचार करण्याचा ठोस फायदा आहे तो पडून-आपटून पुढचे दात तुटण्याचा धोका कमी होण्याचा. हनुवटी पुढे येईल असं सांगून कुणी पैसे घेतले असतील, तर तुमची तक्रार रास्त आहे.

आता मुलीचं काय करायचं? नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर लक्ष ठेवायचं. सुरुवातीच्या दिवसांत सकाळी गाल अवघडतात, ते बहुधा स्नायूंचं दुखणं असतं. पण तिची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावत नसतील, जबडा मध्येच अडकत असेल, उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल किंवा चावताना कानापुढे दुखत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टरांना फोन करा, आणि अप्लायन्स घालत राहायचं की थांबायचं ते त्यांनाच विचारा. पूर्वी येणारा आवाज बंद झाला आणि आता तोंडच कमी उघडतं, अशी स्थिती आली तर ती सुधारणा समजू नका. चकती पुढेच अडकून बसली असण्याची शक्यता असते.

आणखी एक गोष्ट विचारा, कारण तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेख नाही. मुलीला इतर सांधे दुखण्याचा किंवा सकाळी आखडण्याचा त्रास आहे का? लहान वयातला संधिवात कधीकधी जबड्याच्या सांध्यात फारसं न दुखता बसतो आणि खालचा जबडा मागे राहण्याचं मूळ कारणच तो असू शकतो. तसं असेल तर आधी संधिवाताचं निदान हवं, ट्विन ब्लॉक नंतर.