‘नको ते शिकवू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून फिरतो. सार असं: आठवी-नववीच्या मुलांना लैंगिक संमतीबद्दल शिकवणं हे पाश्चात्त्य खूळ, त्यानं नको ते डोक्यात शिरतं, अठराच्या आतल्या संमतीला कायदा विचारतच नाही, मग शिकवायचं कशाला? मुलींना ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ सांगायचं आणि मोबाइल काढून घ्यायचा, झालं.

पाश्चात्त्य खुळाचं आधी उरकू. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक मराठीतच काढत होते, आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले.

कायद्याचा मुद्दा मात्र बिनतोड वाटतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात (२०१२) अठराखालच्या मुलाचा होकार धरला जात नाही, हे खरंच. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांच्या प्रेमप्रकरणांत त्यामुळे गुंता होतो, तो वाद वेगळा. पण हा कायदा नववीतल्या मुलीला कुठे माहीत असतो? तिला वाटतं, फोटो मीच पाठवला, भेटायला मीच गेले, आता कोणत्या तोंडानं सांगू? ग्रूमिंग करणाऱ्याला, म्हणजे आधी विश्वास कमावून मग मुलाचा गैरफायदा घेणाऱ्याला, नेमकं हेच हवं असतं. तो जबरदस्ती करत नाही, होकार घडवून घेतो. समजा, क्लासचे सर आहेत. आधी कौतुक: ‘बॅचमध्ये तूच मॅच्युअर आहेस.’ मग रिचार्ज. मग रात्री अकराला ‘झोपलीस?’ मग ‘घरचे तुला समजूनच घेत नाहीत.’ मग ‘चॅट डिलीट कर हं.’ फोटो मागतात तो यानंतर, आणि पहिला फोटो साधाच असतो. पुढचा नाकारला की आधी रुसवा, मग ‘हा घरी दाखवू का?’ यातलं एकेक सुटं पाहिलं तर तक्रार कशाची करणार? म्हणून हा क्रम ओळखायला शिकवायचं. आणि ‘तू हो म्हणालीस तरी गुन्हा त्याचाच’ हेही सांगायचं.

अनोळखी माणसाचं म्हणाल, तर एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकडेवारीत पॉक्सोखालच्या बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो.

फक्त मुलींनाच का? केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते.

नको ते डोक्यात शिरतं, या भीतीला युनेस्कोच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत उत्तर आहे: लैंगिकता शिक्षण मिळाल्यानं मुलं लवकर संबंधांकडे वळतात, असं संशोधनात आढळलेलं नाही.

मोबाइल काढून घेणं तर ग्रूमिंग करणाऱ्याच्याच पथ्यावर पडतं. ‘घरी कळलं तर मोबाइल जाईल’ ही धमकी त्याला आयती मिळते. मूल सांगायला आलं तर आधी ऐकून घ्या, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. १०९८ ही चाइल्डलाइन आहे. ऑनलाइन प्रकार असेल तर सायबर पोलीसही आहेत. शाळा किंवा क्लासवाले ‘आपसात मिटवू’ म्हणाले, तर त्यांना पॉक्सोची कलमं १९ आणि २१ दाखवा: कळल्यावर पोलिसांना न सांगणं हाही गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.