तंबोरा लागू द्या की!

काल सांगलीतल्या गाण्याच्या बैठकीत दोन्ही तंबोरे अजून लागायचे, म्हणजे सुरात मिळायचे होते. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आपल्याच शाळेच्या कंपूतला एकजण मोठ्यानं म्हणाला, "करा की सुरू, साडेसात वाजले!" मागून टाळ्या पडल्या. गाणाऱ्या बाईंनी तार पिळायच्या खुंटीवरचा हात काढला आणि यमन राग सुरू केला. पंचमाची, म्हणजे 'प'ची तार केसभर उतरलेलीच राहिली.

सकाळपासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. शनिवारी इतक्या लांबून एकत्र येतो आपण, कशासाठी? गाण्यासाठीच ना? मग गाण्याचा पाया घालायला वीस मिनिटं द्यायला काय होतं?

तार पिळली आणि झालं, असं नसतं ते. आधी मधल्या जोडीच्या दोन पोलादी तारा गाणाऱ्याच्या षड्जाला, म्हणजे 'सा'ला मिळवायच्या. दोन्हींत लाट ऐकू येते. ती हळूहळू मंद होत थांबली की जोड जुळली. मग पितळी खर्ज, म्हणजे खालचा 'सा', मग पंचम. खुंटीनं जवळ आणायचं आणि उरलेलं घोडीखालच्या मण्यानं. घोडी म्हणजे भोपळ्यावरची पट्टी, तारा तिच्यावरून जातात. मणी खाली सरकवला की स्वर चढतो, वर घेतला की उतरतो. मग प्रत्येक तारेखाली जीव, म्हणजे साधा दोरा. तो घोडीवर पुढंमागं करताना एका जागी तार अचानक गुंजायला लागते. ती जागा तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नसते. शेवटची तार होईस्तोवर पहिली थोडी हललेली असते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. राग बदलला की हेही बदलतं: मालकंसाला पंचमाच्या जागी मध्यम, मारव्याला निषाद.

त्यात आपली हवा. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अशा बसतात की हलत नाहीत, आणि हलल्या तर एकदम अर्धा सूर ओलांडतात. उन्हाळ्यात आकसून घसरतात, तेव्हा खडू लावावा लागतो. काल तर माणसं भरल्यावर एसी जोरात सोडला, वरून मंचावरचे दिवे. गारव्यानं तारा आखडून चढतात, दिव्यांच्या उष्णतेनं सैलावून उतरतात. अशा वेळी जास्त वेळ द्यायचा की टाळ्या वाजवायच्या?

आणि गेलं काय, तेही सांगतो. यमनचा प्राण गंधारात, म्हणजे 'ग'त. नीट लागलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप उमटतो, कुणी छेडलेला नसताना. पंचमाच्या तारेतून रिषभ आणि निषादही, म्हणजे 'रे' आणि 'नी'. गाणारा त्या गंधारावर आपला गंधार टेकवतो. काल पंचम उतरलेला, त्यामुळे निषादही उतरलेला. विलंबितात, म्हणजे संथ लयीत गाताना, मागं तंबोरा छेडणारी मुलगी सारखी मण्याला हात लावत होती, बाईंचं लक्ष तिकडं जात होतं. एका वाक्यानं दीड तासाचं गाणं पंगू केलं, राव!

वर मध्यंतरात कुणीतरी सुचवलं, मोबाइलवरचा तंबोरा लावा, कटकट नाही. रियाजाला, प्रवासात चालतो तो, मान्य. पण बैठकीत? तेही मिरजेपासून दहा-बारा किलोमीटरवर? जिथं शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं सोडून दीडशेहून जास्त वर्षं तंबोरे घडवले, ज्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं? किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. तिथं उरुसात मोठमोठे कलाकार हजेरी लावायला येतात. त्या मातीतली माणसं आपण.

हो, पत्रिकेवर सातची वेळ होती हे खरं. विट्या-तासगावकडं परतणाऱ्यांना गाडी गाठायची असते, तेही खरं. मग आयोजकांनी तंबोरे साडेपाचला मंचावर काढून ठेवावेत, एसी आणि दिवे तेव्हापासूनच चालू ठेवावेत, म्हणजे लाकूड आणि तारा त्या हवेला सरावतील. तंबोरे एकदा आत लावून घ्यावेत, शेवटची पाच मिनिटं सगळ्यांसमोर. माइक घोडीपासून वीतभर लांब आणि आवाज कमी. वाढवला की नुसती शिट्टी वाजते आणि तंबोरा दबतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. साडेसात वाजले म्हणणारा तो आपलाच गडी. दर वेळी चौघांना गाडीतून आणतो, रात्री घरापर्यंत सोडतो, निघताना भडंगाची पुडी हातात कोंबतो. जोड जुळताना लाट थांबते हे त्याला कुणी ऐकवलंच नसेल, तर त्याला ती वीस मिनिटं रिकामीच वाटणार. ऐकवायचं काम आपलं होतं.

म्हणून येत्या शनिवारी बैठकीआधी मिरजेला जाऊ, तंतुवाद्यांच्या गल्लीत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे तिथं टांगलेले दिसतील. कारागिरांना जवारी काढताना, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासताना बघू. तारेनं घोडीवर चर पाडली की आवाज बसतो. मग कानशीनं चार हात फिरवायचे, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. कधी अर्धा दिवस जातो एका घोडीला.

चार वाजता मिरज स्टेशनसमोर. त्या साडेसातवाल्या गड्याला सकाळीच फोन केलाय. गाडी तोच आणतोय.