लिंबू-व्हिनेगरनं नखाची बुरशी जात नाही

नखाच्या बुरशीवरच्या एका लेखात पिवळ्या नखावर व्हिनेगर आणि लिंबू चोळायला सांगितलंय, म्हणून लिहितोय. बुरशी बसलेली असते नखाच्या खाली, वरून चोळलेलं तिथवर पोचतच नाही. माझं औषधाचं दुकान आहे. पावसाळा लागला की चिखल्या घेऊन लोक येतात, भाताची लावणी करणारे तर हमखास. पायाच्या बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांकडे दुर्लक्ष केलं की तीच बुरशी पुढे नखात शिरते. अंगठ्याचं नख टोकाकडून पिवळट पडतं, जाड होतं, खाली भुसा साचतो, नेलकटर चालत नाही.

पण प्रत्येक पिवळं नख म्हणजे बुरशी नव्हे. सोरायसिस या त्वचेच्या आजारानं असंच दिसतं, घट्ट बुटानंही. त्वचारोगतज्ज्ञांकडे नख खरवडून केओएच तपासणी (खरवडलेला भुसा सूक्ष्मदर्शकाखाली बघून बुरशी आहे का ते ठरवतात) करून घ्या, मग औषध. सहसा टर्बिनाफाइन ही बुरशीवरची गोळी, 250 मिग्रॅ, रोज एक, पायाच्या नखाला 12 आठवडे. लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि गोळ्या संपल्या म्हणजे नख लगेच साफ दिसेल असं नाही! ते महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष. इथेच लोक कंटाळतात आणि 'ती खाजेची ट्यूब द्या' म्हणत येतात. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी फोफावते. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, रागावतात बिचारे.

मधुमेह असेल तर घरी नख कोरत बसू नका. आणि अख्ख्या घराला एकच नेलकटर, हे तर आजच बंद करा.