‘आयत्या बिळावर नागोबा’ : कोगोनादावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं होतं, आणि अर्ध्यावर पुसून टाकलं. रागाच्या भरात लिहिलेल्या उत्तराने तुमच्या मुद्द्यांना न्याय मिळाला नसता. म्हणून आधी ‘कोलंबस’ पुन्हा पाहिला, मग कोगोनादाचे जुने व्हिडिओ पाहिले, आणि आज सावकाश लिहितो आहे. तुमच्या दोन गोष्टी मला मान्य आहेत, त्या पुढे येतीलच. पण जी गोष्ट तुम्ही सगळ्यात ठासून सांगितली आहे ती मुळातच पटत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चित्रपटांविषयी छोटे व्हिडिओ निबंध इंटरनेटवर टाकणारा कोगोनादा २०१७ मध्ये ‘कोलंबस’ घेऊन सनडान्स महोत्सवात पोचला आणि पुढे पूर्णवेळ दिग्दर्शक झाला, त्या प्रवासाबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या चित्रपटांचे तुकडे जोडणं ही निर्मिती नव्हे, हा आयत्या बिळावरचा नागोबा आहे. ‘कोलंबस’ म्हणजे सुंदर इमारतींचा अल्बम, माणसं त्यात शोभेपुरती. २०२५ मधला त्याचा मोठा चित्रपट पडला तेव्हा बिंग फुटलंच. आणि मी एका माणसाच्या नशिबाला ‘वाट’ म्हणून तरुण मुलांना भुलवतो आहे.

आधी नागोबा. आयत्या बिळात शिरणाऱ्याला खणावं लागत नाही, पण या माणसाने खणण्याशिवाय दुसरं काय केलं? जपानी दिग्दर्शक ओझूच्या चित्रपटांतल्या गल्ल्या, बोळ, घरातले अरुंद पॅसेज, जिथून पात्रं नुसती येतात-जातात, अशा जागा त्याने एकेक करून वेचल्या आणि ओळीने लावल्या. निवेदन नाही, स्पष्टीकरण नाही. तरी तो छोटा व्हिडिओ संपेपर्यंत तुम्हाला कळून चुकतं की ओझूचा जीव या जाण्या-येण्याच्या जागांत किती गुंतलेला होता. २०१२ मध्ये त्याने अमेरिकन दिग्दर्शक कुब्रिकच्या चित्रपटांवरही असाच एक केला: ज्यात सगळ्या रेषा समोरच्या एकाच बिंदूकडे धावतात अशाच फ्रेम्स, एकापाठोपाठ एक. हे सगळं मूळ चित्रपटांत होतंच, पण विखुरलेलं. एकत्र आल्यावर ते दिसलं.

हे काम हाताने केल्याशिवाय त्याचा अंदाज येत नाही. मी एकदा करून पाहिलं आहे. एका आवडत्या दिग्दर्शकाच्या चार चित्रपटांतली फक्त दारं निवडायची, एवढंच ठरवलं होतं. तीन आठवडे रोज संध्याकाळी बसत होतो आणि हाती आली जेमतेम सव्वादोन मिनिटं. पण त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट लक्षात आली, जी आधी वीस वेळा चित्रपट पाहून आली नव्हती. माणूस दाराबाहेर गेल्यावर शॉट लगेच संपत नव्हता. रिकामं दार क्षणभर तसंच राहत होतं, कधी दीड सेकंद, कधी तीन. टाइमलाइनवर कट कुठे मारायचा म्हणून मी एकेक फ्रेम मागे-पुढे करत होतो तेव्हा ते रिकामं दार बोटांना लागलं, असंच म्हणावं लागेल. प्रेक्षक म्हणून पाहताना ते नुसतं मनाला जाणवतं, कळत नाही. संकलकाला ते कळावंच लागतं.

आता कोगोनादाच्या २०१३ च्या, नववास्तववादावरच्या (साध्या माणसांचं रोजचं जगणं दाखवणाऱ्या युद्धोत्तर इटालियन चित्रपटांवरच्या) व्हिडिओकडे या. तुम्ही ‘तुकडे जोडणं’ म्हणालात म्हणून तो मुद्दाम आठवतो. इटालियन दिग्दर्शक देसिकाने रोमच्या रेल्वे स्थानकावर घडणारा एक चित्रपट केला, निर्माता होता हॉलिवूडचा सेल्झनिक. सेल्झनिकला देसिकाचा कट रुचला नाही. त्याने त्याच फुटेजमधून अमेरिकेसाठी आपला वेगळा कट काढला. मूळ चित्रपट दीड तासाच्या आसपास, सेल्झनिकचा तासाभरापेक्षा थोडाच मोठा. कोगोनादाने दोन्ही शेजारीशेजारी ठेवले. तीच नटी, तेच स्थानक, तोच शॉट. एका बाजूला नायिका फ्रेममधून गेली की सेल्झनिक पुढे निघतो. दुसऱ्या बाजूला देसिका थांबून राहतो, आणि मागून जाणारी साधी माणसं, ज्यांचा कथेशी काडीचा संबंध नाही, ती पडद्यावर चालत राहतात. शॉट कुठे संपतो यावर कोण महत्त्वाचं आणि कोण नाही हे ठरतं, एवढंच तो दाखवतो. मी नववास्तववादावर बरंच वाचलं आहे, पण ही चौकट अर्धी करून त्याने जे समजावलं ते कुठल्या पुस्तकाने समजावलं नव्हतं. आणि ते समजावायला दोन्ही चित्रपटांतले शॉट वापरावेच लागतात. कवितेवर लिहिणारा ओळी उद्धृत करतो त्याला आपण नागोबा म्हणत नाही. क्रायटेरियन आणि ‘साइट अँड साउंड’ यांच्यासारख्या, चित्रपटांचं जतन आणि समीक्षा हेच काम असलेल्यांनी त्याच्याकडून असे व्हिडिओ करून घेतले, ते काही उगाच नाही.

तुम्ही ‘अल्बम’ म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं. ज्या प्रसंगामुळे मी या माणसावर लिहायला घेतलं, तो प्रसंग तुम्ही पाहिला आहे आणि तरी तुमच्या मनात उरल्या त्या फक्त इमारती.

चित्रपट जिथे घडतो ते अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं कोलंबस हे पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. कमिन्स हा इंजिनं बनवणारा कारखाना तिथला. त्याचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्या पुढाकाराने कंपनीच्या फाउंडेशनने गावातल्या सार्वजनिक इमारतींसाठी वास्तुरचनाकारांची फी भरायला सुरुवात केली, अट एवढीच की रचनाकार फाउंडेशनने दिलेल्या नावाजलेल्यांच्या यादीतून निवडावा. नावाजलेल्या रचनाकारांच्या या गावात ग्रंथालय आय. एम. पेई यांचं आहे, १९६९ चं, आणि १९५४ ची बँक एरो सारिनेन यांची. पण गावातल्या माणसांसाठी ही कामाची ठिकाणं आहेत. चित्रपटाची नायिका केसी त्या ग्रंथालयात पुस्तकं लावते. तिची आई व्यसनातून सावरते आहे, तिला एकटं सोडवत नाही, म्हणून पोरीने पुढचं शिक्षण बाजूला ठेवलं आहे. सोलहून आलेला जिन तर इमारती बघायला आलेलाच नाही. त्याचे वडील वास्तुकलेचे अभ्यासक, ते तिथे बेशुद्ध पडून आहेत, आणि त्यांच्याशी याचं धड बोलणंही उरलेलं नाही. शोभेपुरती माणसं अशी असतात का?

आता तो बँकेसमोरचा प्रसंग. केसी जिनला सारिनेनची बँक दाखवते. ही देशातल्या पहिल्या आधुनिक शैलीच्या बँकांपैकी एक, वगैरे माहिती पाठ म्हणून दाखवावी तशी सांगू लागते. जिन तिला अडवतो. ही माहिती राहू दे, तुला स्वतःला या इमारतीत काय भिडतं ते सांग, असं विचारतो. ती क्षणभर गडबडते. मग सांगायला लागते. आणि नेमक्या त्या क्षणी कॅमेरा बँकेच्या आत जातो. आता आपण काचेच्या अलीकडे, ते दोघं पलीकडे. तिचे ओठ हलतात, हात हलतात, चेहरा उजळत जातो. शब्द एकही ऐकू येत नाही, फक्त संगीत.

व्हिडिओ निबंध करणाऱ्याकडून तुमची अपेक्षा काय असते? की तो समजावून सांगेल. आणि त्याच्या पहिल्याच चित्रपटात, ‘तुला काय भिडतं’ या प्रश्नाच्या उत्तराशी येऊन तो आवाज बंद करतो. निवेदनाशिवाय नुसत्या चित्रांवर विश्वास टाकण्याची सवय त्याला ओझूच्या त्या गल्ल्याबोळांनी लावली, असं मी ठामपणे म्हणतो. आणि काचेचंही बघा. पूर्वीच्या बँका दगडी किल्ल्यासारख्या असत. सारिनेनने ही बुटकी आणि काचेची केली, बाहेरच्या माणसाला आतलं दिसावं म्हणून. कोगोनादाने त्याच काचेतून उलट पाहिलं, आतून बाहेरचं माणूस. इमारत इथे शोभेची कशी? ती काच काढली तर प्रसंगच उरत नाही.

त्याचा दुसरा चित्रपट ‘आफ्टर यांग’ तुम्ही पाहिला नसल्याचं लिहिलंत, म्हणून मोजकंच सांगतो. घरातला मानवसदृश यंत्रमानव यांग बंद पडतो. त्याच्या आत रोजच्या काही सेकंदांच्या स्मृती साठवलेल्या असतात. बाप (कॉलिन फॅरल) एकटा बसून ते तुकडे बघतो: पानांवरचं ऊन, चहाचा कप, एक मुलगी. पुन्हा बघतो. कुठला तुकडा कुठल्या तुकड्याशी जुळतो ते शोधतो, आणि हळूहळू ज्याला आपण घरातली वस्तू समजत होतो त्याचं एक आख्खं आयुष्य त्याच्यासमोर उभं राहतं. तुम्ही ज्याला तुकडे जोडणं म्हणता ते काम इथे पडद्यावर एक शोकाकुल बाप करतो आहे. २०२१ मध्ये कान महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला तेव्हा बहुतेकांनी त्याला विज्ञानकथा म्हटलं. मला मात्र तो संकलनाच्या टेबलाशी रात्री जागवलेल्या माणसाचा चित्रपट वाटतो. दुसऱ्याने पाहिलेलं जग मन लावून, पुन्हा पुन्हा पाहणं म्हणजे त्याच्यावर माया करणं, असं ज्याला आतून ठाऊक आहे त्यालाच हे सुचतं.

आता मला मान्य असलेल्या गोष्टी.

२०२५ मधला तो मोठा चित्रपट, ‘अ बिग बोल्ड ब्यूटिफुल जर्नी’, जमला नाही. मोठे तारे, मोठा स्टुडिओ, आणि तिकीटबारीवर चालला नाही, बहुतेक समीक्षकांनाही रुचला नाही. मलाही त्यात तो थांबणारा माणूस सापडला नाही. सगळं आधीच बोलून दाखवलेलं, काचेपलीकडे ठेवलेलं काहीच नाही. पटकथा त्याची नव्हती हे खरं, पण ती सबब मी पुढे करणार नाही, चित्रपट त्याने स्वीकारला होता. तरी एका पडलेल्या चित्रपटाने आधीचे दोन खोटे ठरतात, हे मी मानणार नाही. मधल्या काळात त्याने ‘पाचिंको’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचे निम्मे भाग केले, तेही बघा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि तिच्यासाठी मी तुमचा खरोखर आभारी आहे. मी लेखात लिहिलं होतं की आता चित्रपट शिकायला कुणाच्या दाराशी जायची गरज उरलेली नाही. हे चूक होतं. कोगोनादा कोरा नव्हता, ओझूवर पीएच.डी. करायला घेऊन ती सोडून आलेला अभ्यासक होता. ओझूच्या चित्रपटांचा पटकथालेखक कोगो नोदा, त्याच्या नावावरून त्याने हे टोपणनाव घेतलं, इतका तो त्या जगात बुडालेला होता. आणि व्हिडिओ करणारे सगळेच असे सरळ दिग्दर्शनात पोचत नाहीत. ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ हे व्हिडिओ निबंधांचं यूट्यूब चॅनेल करणाऱ्या टेलर रामोस आणि टोनी झाऊ यांनी २०१४ ते २०१६ या काळात अनेकांना पाहायला शिकवलं, मलाही. त्यांनी ऐन लोकप्रियतेत ते बंद केलं, आणि स्वतःची शॉर्ट फिल्म घेऊन ते पुन्हा समोर आले थेट २०२४ मध्ये. मधली वर्षं दिसत नाहीत म्हणून ती सोपी गेली असतील असं नाही. एकाचं पोचणं पाहून दहा मुलं नोकरी सोडणार असतील आणि त्याला माझं वाक्य कारण होणार असेल, तर ते वाक्य तिथे असायला नको.

टोपणनावावरून तुम्ही ‘चेहरा लपवणारा’ असंही लिहिलंत. इंटरनेटवर जिथे प्रत्येक जण आधी आपला चेहरा आणि मग आपला विषय दाखवतो, तिथे या माणसाने उलट केलं, आणि नाव घेतलं तेही दिग्दर्शकाचं नाही, त्याच्या शेजारी बसून लिहिणाऱ्याचं. मला त्यात लपणं दिसत नाही. आदर दिसतो.

मूळ लेखातलं ‘कुणाच्या दाराशी जायची गरज उरलेली नाही’ हे वाक्य मी काढलं आहे, आणि काढल्याची नोंद तुमच्या प्रतिक्रियेच्या उल्लेखासह खाली ठेवली आहे. ‘कोलंबस’बद्दलचं एकही वाक्य बदललेलं नाही. तुम्ही तो पुन्हा बघणार असाल तर बँकेच्या प्रसंगानंतर तुम्हाला काय वाटलं ते इथेच लिहा. पटलं नाही तरी लिहा, मी वाट पाहतो.