दारू, गोळी आणि लांबलेले केस

"दारू कोणती घेतोस?" "गोळी किती ग्रेनची?" "केस शेवटचे कधी कापलेस?" हे तीन प्रश्न एका दमात कानावर पडले, तर तिऱ्हाइताला वाटेल की उत्तर देणारा माणूस एकाच वेळी गुत्त्यात, दवाखान्यात आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसला आहे. प्रत्यक्षात तो लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलसाठी (जिचा खालचा दांडा ओढला की पुढचं काडतूस चढतं) स्वतःची काडतुसं भरायला बसलेला असतो, आणि त्याच्या डोक्याला जो ताप असतो तो या तिन्ही ठिकाणच्या तापांची बेरीज असते.

बोल्ट रायफलवाल्याचं बरं असतं. टोकदार गोळी, निमुळती गोळी, शेपटाकडे निमुळती होणारी गोळी, काय वाटेल ते निवडा. आमच्या निवडीत मात्र एक सासूबाई बसलेल्या असतात. त्या म्हणजे बॅरलखालची मॅगझिनची नळी. या नळीत काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक बसतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि बुडाच्या बरोबर मध्यभागी असतो प्राइमर, ज्याचं आयुष्यातलं एकमेव काम म्हणजे कोणी टोचलं की भडकणं. बार उडाला की रायफल मागे येते, आतली सगळी रांग स्प्रिंगवर आदळते आणि परत फिरते. अशा वेळी मागच्या काडतुसाला टोकदार नाक असेल, तर ती गोळी राहत नाही, तिची फायरिंग पिन, म्हणजे प्राइमरला टोचणारी सुई होते. पुढचा स्फोट आपल्या डाव्या हाताच्या पंजात होतो. म्हणून नळीच्या रायफलीला चपट्या नाकाचीच गोळी. गोल नाक चालतं म्हणतात, आणि ठरावीक गोळ्या तशा बनतातही, पण चपटं नाक दिसलं की मला जी शांत झोप लागते ती गोल नाकाने लागत नाही.

"एक चेंबरमध्ये, म्हणजे बार उडतो त्या जागेत, आणि नळीत फक्त एकच ठेवायचं, मग टोकदार चालेल की!" असा सल्ला देणारा एक तरी भेटतोच. हिशेब बरोबर आहे. पण हा सल्ला माणसाच्या स्मरणशक्तीवर उभा आहे, आणि ज्या माणसाला चष्मा कपाळावर असताना सापडत नाही त्याने नळीत किती घातली हे लक्षात ठेवायचं आहे. त्यापेक्षा टोकदार गोळ्यांचा डबा बाकावर आणूच नये.

नियमाला अपवाद आहेत. सॅव्हेज ९९ मध्ये फिरतं मॅगझिन असतं, विंचेस्टर १८९५ आणि ब्राउनिंग बीएलआरमध्ये पेटीचं. तिथे काडतुसं एकमेकांच्या पाठीला नाक लावत नाहीत, त्यामुळे टोकदार गोळी खुशाल चालते. आणि मग हॉर्नाडी कंपनीची एफटीएक्स नावाची गोळी आली: टोक आहे पण मऊ, दाबलं की दबणारं. टोकदारही आणि गरीबही. तिची कथा पुढे येते, कारण ती आली की केस कापावे लागतात.

नाक ठरलं की वजन. .३०-३० या लिव्हर रायफलीच्या जुन्या काडतुसासाठी १५० आणि १७० ग्रेन हे जुने मुरलेले पर्याय. इथे नवखा माणूस एक हुशारी करतो. व्यास .३०८ इंचच ना, मग .३०८ विंचेस्टरची गोळी चालेल! ती टोकदार निघाली तर काय होतं ते सांगून झालं. पण समजा नाक ठीक असलं, तरी ती गोळी जास्त वेगासाठी घडवलेली असते. .३०-३० च्या २० इंची बॅरलमधून ती रमतगमत निघते आणि लक्ष्यात शिरून न उमलता आरपार जाते, एखादा पाहुणा चहाही न घेता निघून जावा तशी. .३०-३० साठी म्हणून बनवलेल्या गोळीचं कवच त्याच संथ वेगाला उमलेल इतकं पातळ ठेवलेलं असतं. व्यास बघून गोळी घेणं म्हणजे पायाचं माप बघून जावई पसंत करणं.

आता दारू. इथे ग्रेन शब्दाने सुरुवातीलाच गंडा बसतो. ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, ते वजन. पौंडात ७००० ग्रेन. दाणे मोजत बसलेला कोणी मी पाहिलेला नाही, पण प्रश्न विचारलेला ऐकला आहे. दुसरा गंडा नावात. .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे १८९५ सालच्या धूरविरहित पावडरचे ३० ग्रेन. तो आकडा त्या काळच्या पावडरचा आहे, आजच्या कुठल्याही डब्याला तो लावायचा नसतो. नाव म्हणजे कृती नव्हे. कृती मॅन्युअलमध्ये, म्हणजे भरायची मापं देणाऱ्या पुस्तकात असते, तीही त्याच गोळीसाठी, आणि सुरुवात तिथल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून.

पावडरच्या नावांचा कारभार तर कोणी सूड म्हणून रचला असावा असा आहे. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचा आकडा एक, पण पावडरी दोन. एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. उलट एच ११० आणि डब्ल्यू २९६ ही दोन नावं, पण पावडर एकच. म्हणजे सख्खी भावंडं वेगवेगळ्या आडनावांनी फिरतात आणि परके एकाच आडनावाने. शिवाय या एच ११० चा स्वभाव असा की .४४ मॅग्नममध्ये ती भरपूर असली तरच नीट वागते. "जरा सौम्य भरूया" म्हणून तिला कमी केलं की ती रुसते, नीट पेटत नाही, कधी गोळी बॅरलमध्येच अडकवून ठेवते. आणि अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली तर बॅरल फुगते. सौम्य बार हवा असेल तर पावडर बदलावी, हिची उपासमार करू नये.

.३०-३० ला मध्यम जळणाऱ्या पावडरी मानवतात. आयएमआर ३०३१ ही जुनीजाणती. तिच्या लांब काड्या मापयंत्राच्या तोंडाशी आडव्या अडकतात. मग एका केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पुंगळीत, कमी पडते आणि अडकलेली काडी सुटली की पुढच्यात जास्त. यंत्राचा दांडा ओढताना 'कर्र' असा आवाज आला की समजावं काडी कापली गेली, आणि तो बार सरळ तराजूवर न्यावा. गोल दाण्याच्या एच ३३५ किंवा लेव्हरेव्होल्यूशन पावडरी पाण्यासारख्या वाहतात, माप चुकत नाही. मी काडीवालीचा भक्त आहे आणि त्याची किंमत म्हणून प्रत्येक बार तोलतो. भक्ती म्हटली की कष्ट आलेच.

निवडताना मी आणखी एक बघतो: पावडर केसमध्ये अर्ध्याहून जास्त जागा व्यापते का? व्यापत असेल तर चुकून दुहेरी माप पडलं की ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. केसच्या तळाशी चिमूटभर दिसणारी पावडर मात्र दुहेरी भरली तरी गप्प बसते. म्हणून भरलेल्या केसांचा ठोकळा दिव्याखाली धरून एकेका केसमध्ये डोकावायचं, आणि त्या वेळी कोणाशी बोलायचं नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

.४५-७० वाल्यांची निराळी गंमत. मॅन्युअलमध्ये या एकाच काडतुसाचे तीन तीन भाग: १८७३ च्या जुन्या ट्रॅपडोअर रायफलीसाठी, लिव्हरसाठी, आणि दणकट सिंगल-शॉटसाठी. पान उलटताना दोन पानं एकदम उलटली गेली, तर आजोबांना पैलवानाचा खुराक जातो. पानाच्या वर छापलेलं शीर्षक वाचायचं, मग आकडा.

आणि आता केस. काडतुसाच्या पितळी पुंगळीला केस म्हणतात, आणि नावाला जागून ते वाढतात. दर बाराला पितळ पुढे सरकतं. विंचेस्टर ९४ आणि मार्लिन ३३६ यांचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे दाबाखाली केस जरा जास्तच ताणला जातो. .३०-३० ची हद्द २.०३९ इंच. बहुतेक लोक त्याच्या साधारण .०१० खाली कापतात. खरं सांगायचं तर किती खाली यापेक्षा सगळे सारखे कापले का, हे महत्त्वाचं. कारण पुढची पायरी मुरड, म्हणजे क्रिंप.

नळीतली स्प्रिंग आणि धक्का मिळून गोळीला सतत मागे, केसच्या आत ढकलत असतात. गोळी आत गेली की जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून केसचं तोंड गोळीवरच्या खाचेत मुरडून घ्यायचं. आता मुरड घालणाऱ्या साच्याची उंची एकच ठरलेली असते. आखूड केस आला तर त्याला मुरड लागतच नाही. लांब आला तर मुरड पुरी होऊनही साचा दाबतच राहतो, आणि .३०-३० ची मान मुळात पातळ असल्यामुळे खांदा फुगतो. हा फुगवटा डोळ्यांना दिसत नाही. तो दिसतो चेंबरला. लिव्हर तीन चतुर्थांश मिटते आणि तिथेच हटून बसते. गोळी बसवणं आणि मुरडणं एकाच दाबात उरकणाऱ्यांवर हे संकट जास्त येतं, कारण तोंड आत वळत असताना गोळी अजून खाली सरकतच असते. आधी सगळ्या गोळ्या बसवाव्यात. मग बसवणारी दांडी वर घ्यावी, साचा खाली आणावा आणि दुसऱ्या फेरीत फक्त मुरडावं. कंटाळा येतो, पण एवढा तर येऊ द्यावा.

एफटीएक्सची मेख इथेच. तिचं नाक लांब, म्हणून खाच खाली. .४५-७० मध्ये नेहमीच्या लांबीचा केस ठेवला तर काडतूस यंत्रणेत मावत नाही, म्हणून त्या गोळीसाठी केस २.१०५ वरून २.०४० वर आणावे लागतात. हे आखूड केस नेहमीच्यांत मिसळले की पुढच्या मुरडीला बोंब. डबे वेगळे, त्यावर चिठ्ठ्या वेगळ्या.

प्राइमर केसच्या बुडाबरोबर नव्हे, किंचित आत बसला पाहिजे. बोट फिरवून बघा, पुरे.

मग पहिलं काडतूस बिनपावडरचं, बिनप्राइमरचं करायचं आणि नळीतून चालवून बघायचं. .३०-३० ची एकूण लांबी २.५५० च्या पुढे गेली तर ते वर येताना अडतं. फार आखूड झालं तर काही रायफलींत मागून दुसरं डोकावतं आणि दोघं मिळून यंत्रणा बंद पाडतात. हे चाललं की खरी पाच भरायची. त्यांतलं जे शेवटी झाडलं जाणार त्याच्या बुडावर शाईने ठिपका करून लांबी मोजून ठेवायची. चार झाडायची, ठिपक्याचं काढायचं आणि पुन्हा कॅलिपरमध्ये धरायचं. सगळ्यांत जास्त धक्के त्याने खाल्लेले असतात. २.५४० चं २.५३२ झालं असेल तर मुरड ढिली. म्हणजे परत बाकावर, परत साचा, आणि उरलेले सगळे केस परत मोजायला.